व्हीपीएसवरची ओएस: सेंटओएस ८ च्या निर्णयाआधी आणि नंतर

व्हीपीएस (भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर) घेताना ओएसची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची, जी यादी समोर येते, तिच्यात आज उबुंटू आणि डेबियन सहसा वर असतात, त्यांच्याखाली अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स. २०२० पर्यंत पॅनेलसह (ब्राउझरमधून साइट्स सांभाळायचे सॉफ्टवेअर) मिळणाऱ्या व्हीपीएसवर मात्र सेंटओएस हे जवळजवळ ठरलेले उत्तर होते. डेबियन एकाएकी सुधारले किंवा सेंटओएस बिघडले म्हणून हे चित्र पालटलेले नाही. ते पालटले सेंटओएस ८ चे अपडेट मुदतीआधीच बंद करण्याच्या, सेंटओएसमागच्या रेड हॅट कंपनीच्या ८ डिसेंबर २०२० च्या घोषणेने, आणि तिचे परिणाम अजून निस्तरणे चालू आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. सुरुवातीच्या स्वस्त व्हीपीएसमध्ये ग्राहकाला स्वतःचा कर्नल (ओएसचा गाभा) नसायचा. ओपनव्हीझेड या तंत्रावर सगळे कंटेनर (एकाच मशीनचे वेगळे केलेले कप्पे) होस्टचाच, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनचाच, कर्नल वापरत. आत उबुंटूचे टेम्प्लेट टाकले तरी कर्नलची आवृत्ती सांगणाऱ्या 'यूनेम -आर'ला उत्तर यायचे २.६.३२, म्हणजे आरएचईएल (रेड हॅटची सशुल्क लिनक्स) ६ चा कर्नल. त्यावर डॉकर (ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये चालवणारे साधन) चालत नसे, कारण त्याला किमान ३.१० लागतो. नव्या डिस्ट्रोतली (लिनक्सच्या वाणातली) ग्लिबसी ही मूळ लायब्ररी 'कर्नल टू ओल्ड' म्हणून जागीच थांबायची. यादीत नावे कितीही असोत, खरी निवड होस्टने आधीच केलेली असायची. प्रत्येक व्हीपीएसला वेगळा कर्नल चालवू देणारे केव्हीएम २००७ मध्ये मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आले, प्रोव्हायडर हळूहळू तिकडे वळले आणि ग्राहकाला हवा तो कर्नल टाकता येऊ लागला. विंडोज सर्व्हरचा मार्ग वेगळाच राहिला. लायसनचे भाडे आणि जास्तीची रॅम सोसून ज्याचे ॲप्लिकेशन फक्त त्यावरच चालते, तोच तिकडे जातो.

सेंटओएसचा जम बसला तो दोन गोष्टींवर. २००४ पासून ते आरएचईएलच्या खुल्या सोर्समधून जसेच्या तसे बांधून फुकट मिळत होते, आणि आवृत्ती ५ पासून सुरक्षा अपडेटचा काळ सुमारे दहा वर्षांचा झाला होता. उबुंटूच्या सर्व्हर एलटीएसची (दीर्घ मुदतीच्या आवृत्तीची) पाच वर्षे, तर डेबियनची २०१४ मध्ये एलटीएस सुरू होईपर्यंत जेमतेम तीन. शेकडो साइट्स असलेले मशीन दर तीन वर्षांनी नव्या आवृत्तीवर नेणे कोणालाच नको असते. त्यामुळे होस्टिंग पॅनेल आरएचईएल कुळावरच तपासली गेली आणि पॅनेल ज्यावर, ग्राहक त्यावर.

सेंटओएस ८ आले २४ सप्टेंबर २०१९ ला. त्याच दिवशी सेंटओएस स्ट्रीमचीही घोषणा झाली, पण तेव्हा ती एक जोडधाराच वाटली. ८ ला मे २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, असे गृहीत धरून लोकांनी मशिने उभी केली. सव्वा वर्षात कळले की ८ चे अपडेट ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद होणार. आधीच्या ७ ची मुदत मात्र जून २०२४ ची तशीच ठेवली. म्हणजे नव्या मशीनवर नवीन आवृत्ती टाकावी हा साधा, शहाणा सल्ला ज्यांनी पाळला, त्यांच्याच हाती वर्षभरात मशीन हलवण्याचे काम आले. जुन्याला चिकटून बसलेले निवांत राहिले.

निर्णय घेणाऱ्या रेड हॅटची बाजू तकलादू नव्हती. स्ट्रीम आरएचईएलच्या पुढच्या उपआवृत्तीच्या आधी चालते, त्यामुळे बाहेरच्या माणसाचा पॅच तिथे स्वीकारला जाऊ शकतो. जुन्या सेंटओएसमध्ये ती सोय नव्हती, कारण मूळच्या चुकाही जशाच्या तशा ठेवणे हाच त्याचा धर्म. स्ट्रीमला कच्ची बीटा म्हणणेही अन्यायाचे होते. पण लोकांचा राग स्ट्रीमवर नव्हता, मागे घेतलेल्या तारखेवर होता. व्हीपीएसची ओएस निवडणारा तारीखच तर विकत घेत असतो, फुकट असली तरी. जानेवारी २०२१ मध्ये आरएचईएल १६ मशिनांपर्यंत फुकट देण्याची घोषणा झाली. ती वैयक्तिक खात्याशी बांधलेली होती. एकाच टेम्प्लेटवरून रोज ग्राहकांची मशिने उभी करणाऱ्या प्रोव्हायडरच्या ती काही कामाची नव्हती.

मुदतीनंतर काय झाले ते प्रत्येक ॲडमिनने पाहिले आहे. ३१ जानेवारी २०२२ नंतर मिररवरून (पॅकेजेस उतरवायच्या सर्व्हरांवरून) ८ ची पॅकेजेस हलवली गेली आणि साधे 'डीएनएफ अपडेट'ही 'फेल्ड टू डाउनलोड मेटाडेटा फॉर रेपो ॲपस्ट्रीम' म्हणत थांबू लागले. त्यावर जागोजागी एकच तोडगा फिरला: 'सेड' कमांडने रेपो फाइलमधला, म्हणजे पॅकेजेस कुठून घ्यायची तो, पत्ता बदलून व्हॉल्टचा टाकायचा. एरर जाते, पॅकेजेस उतरतात, पण व्हॉल्ट म्हणजे गोठवलेला साठा. तिथे एकही नवा सुरक्षा पॅच येत नाही. हा तोडगा देणाऱ्यांनी पुढचे वाक्य लिहायला हवे होते, बहुतेकांनी लिहिले नाही. वास्तविक सेंटओएसची जागा घ्यायला आरएचईएलच्या सोर्समधून बांधलेले अल्मालिनक्स मार्च २०२१ मध्ये आणि रॉकी जूनमध्ये तयार होते, आणि चालू मशीन जागच्या जागी बदलणाऱ्या स्क्रिप्टही दोघांनी दिल्या होत्या.

जून २०२३ मध्ये आरएचईएलचा सोर्स ग्राहकांपुरता मर्यादित झाला. बाहेर उरली ती फक्त स्ट्रीम. तिथून दोघांच्या वाटा फुटल्या. रॉकीने हुबेहूब प्रतीचा आग्रह सोडला नाही आणि कंटेनर इमेज व क्लाउड इन्स्टन्समधून सोर्स मिळवायचे ठरवले. अल्माने बायनरी सुसंगतता (आरएचईएलसाठी बांधलेले सॉफ्टवेअर तसेच चालणे) पुरे म्हटले आणि चुका स्वतः दुरुस्त करायची मोकळीक घेतली. माझ्या मते व्हीपीएससाठी दुसरी वाट अधिक कामाची, आणि आवृत्ती १० ने ते दाखवून दिले.

आरएचईएल ९ लाच एक्स८६-६४ व्ही२ पातळीचा (ठराविक सूचना समजणारा) सीपीयू लागत होता. हायपरवायझरवर (आभासी मशिने चालवणाऱ्या थरावर) सीपीयूचा प्रकार केव्हीएम६४ ठेवलेला असेल, तर खाली हार्डवेअर नवे असूनही मशीन बूट होतानाच ग्लिबसीच्या एररने पडते. आरएचईएल १० ने मे २०२५ मध्ये ही अट व्ही३ वर नेली, म्हणजे एव्हीएक्स२ हा सीपीयूचा सूचनासंच हवाच. रॉकी १० तसेच आले. अल्मा १० ने व्ही२ साठी वेगळी बिल्डही काढली. मात्र तिच्यावर तिसऱ्या पक्षाची व्ही३ साठी बांधलेली पॅकेजेस चालत नाहीत, त्यामुळे पॅनेल टाकायचे असेल तर 'एलएससीपीयू' कमांडने दाखवलेल्या फ्लॅग्समध्ये एव्हीएक्स२ आहे का, ते आधी पाहावे लागते, आणि नसेल तर सीपीयूचा प्रकार 'होस्ट' करून द्या म्हणून प्रोव्हायडरकडे तिकीट टाकावे लागते.