नेट अडलं की फायरवॉल बंद करा? नको!

‘साइट उघडत नाहीये? राउटरचं फायरवॉल बंद करून बघ.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे. घरच्या राउटरचं फायरवॉल सहसा बाहेरून आगंतुकपणे येणारी जोडणी अडवतं. आतून तुम्ही मागितलेल्या पानाचं उत्तर त्याला ओळखता येतं, म्हणून ते आत सोडलं जातं. ते बंद केलं तर बिघाड तसाच राहतो, दार मात्र उघडं पडतं.

आधी राउटरला पिंग करा, म्हणजे ‘ping’ ही आज्ञा देऊन तो उत्तर देतो का बघा; पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. मग १.१.१.१ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरला. दुसरं उत्तर येतंय पण नावाने साइट उघडत नाही, तर दोष बहुधा डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा. फायरवॉलमध्ये बाहेर जाण्याचे नियम स्वतः लिहिणारे इथेच हमखास चुकतात: वेब पानांची ८० आणि ४४३ ही पोर्टं (जोडणीची क्रमांकित दारं) उघडतात, डीएनएसचं ५३ विसरतात. ५३ हे यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडा.

काही साइट चालतात, काही नुसत्या फिरत राहतात? मग एमटीयू तपासा, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा बाइटमधला कमाल आकार. पीपीपीओई जोडणीत (यूजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं ब्रॉडबँड) तो सहसा १५०० नव्हे, १४९२ असतो. विंडोजमध्ये पिंगला ‘एफ’ (पाकिटाचे तुकडे करू नको) आणि ‘एल’ (आकार) पर्याय लावून १.१.१.१ ला १४७२ बाइट पाठवा, मग १४६४; वर २८ बाइटची शीर्षकं चढून ते १५०० आणि १४९२ होतात. पहिलं अडलं आणि दुसरं गेलं, तर राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावर एमटीयू १४९२ करा. ‘सुरक्षेसाठी’ सगळं आयसीएमपी (पिंग आणि जाळ्यातल्या अडचणींच्या सूचना वाहणारी पद्धत) अडवलं असेल तर तो नियम काढा. पाकीट मोठं झाल्याची सूचना त्यातूनच येते.