डिफिब्रिलेटरची बॅटरी शॉक देऊन संपत नाही

सोसायटीच्या ऑफिसात, जिममध्ये किंवा मंगल कार्यालयात भिंतीवर लावलेला एईडी, म्हणजे स्वयंचलित डिफिब्रिलेटर, बहुधा वर्षानुवर्षं एकही शॉक देत नाही. तरीही त्याची बॅटरी संपते. ‘यंत्र वापरलंच नाही, मग बॅटरी कशाला बदलायची?’ हा प्रश्न कमिटीच्या बैठकीत हमखास निघतो आणि बॅटरीचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलला जातो. हृदय थांबल्यावर सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि शॉक मिळाला नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं.

आधी थोडा हिशेब. फिलिप्सच्या हार्टस्टार्ट एचएस1 या छोट्या एईडीची बॅटरी 9 व्होल्ट, 4.2 अँपिअर-तासांची असते. त्यात साठलेली ऊर्जा होते सुमारे 1 लाख 36 हजार ज्यूल. एक शॉक 150 ज्यूलचा. कंपनी किमान 200 शॉकची हमी देते, म्हणजे 30 हजार ज्यूल, एकूण साठ्याच्या पावभरही नाही. उरलेली ऊर्जा जाते कुठे? शॉकसाठी वीज साठवणारा कपॅसिटर भरताना काही उष्णतेत जाते, काही हृदयाची लय तपासण्यात आणि आवाजी सूचना देण्यात खर्च होते. शिवाय यंत्र स्वतःची तपासणी रोज करतं. बॅटरी, सर्किट आणि छातीला लावायच्या पॅडची जोडणी ठीक असेल, तरच हिरवा दिवा लुकलुकत राहतो. हे काम यंत्र कपाटात पडून असतानाही चालूच असतं. म्हणून कंपनी बसवलेल्या बॅटरीचं आयुष्य 4 वर्षं सांगते, मग एकही शॉक दिलेला नसला तरी.

खरी गोम मात्र साठ्यात नाही, ती शक्तीत आहे. 150 ज्यूल सुमारे 8 सेकंदांत कपॅसिटरमध्ये भरायचे, म्हणजे 19 वॅट. व्होल्टेज हजार-दीड हजारांपर्यंत चढवताना होणारी गळती धरली, तर बॅटरीकडून 25 वॅटच्या आसपास मागणी होते. 9 व्होल्टच्या बॅटरीला त्यासाठी जवळजवळ 3 अँपिअर द्यावे लागतात. सेल जुने होतात तसा त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. तो 1 ओहम झाला, तर 3 अँपिअरला 3 व्होल्ट आतच खर्ची पडतात. उरलेल्या 6 व्होल्टवर तेवढीच शक्ती मिळवायला सर्किट आणखी प्रवाह ओढतं, व्होल्टेज आणखी कोसळतं आणि चार्जिंग अर्धवट राहतं. टाकीत पाणी आहे, पण नळ गंजून बारीक झालाय, अशी गत.

म्हणून मल्टिमीटर लावून ‘9 व्होल्ट दाखवतोय, चांगली आहे’ म्हणणं धोक्याचं आहे. मल्टिमीटर बॅटरीतून नगण्य प्रवाह घेतो, त्यामुळे त्याला आतला रोध दिसतच नाही. बॅटरीची परीक्षा भार टाकूनच होते, आणि तो भार यंत्राची सेल्फ-टेस्ट टाकते. बाहेरच्या कुणाला पाहायचं असेल, तर दोनच गोष्टी: हिरवा दिवा आणि तारीख.

तारखांचाही घोळ होतो. बॅटरीवर एक तारीख ‘या आधी बसवा’ अशी असते, ती खोक्यात ठेवण्याची मुदत. दुसरी मोजायची, बसवल्या दिवसापासून. एचएस1ची बॅटरी त्या छापील तारखेच्या आत बसवली, तर पुढची 4 वर्षं पूर्ण मिळतात. सगळीकडे असं नसतं. हार्टसाइन कंपनीच्या ‘सॅमरिटन पॅड’ नावाच्या एईडीमध्ये बॅटरी आणि छातीला लावायचे पॅड एकाच पेटीत येतात आणि पेटीवर एकच अंतिम तारीख छापलेली असते. कपाटात ठेवा नाहीतर यंत्रात, ती बदलत नाही. ही सोय मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण पॅडचा जेल वाळायची वेगळी नोंद ठेवावी लागत नाही. झोल कंपनीच्या ‘एईडी प्लस’ या यंत्राला 123 प्रकारचे 10 लिथियम सेल लागतात, कॅमेऱ्यात वापरायचे तसे. ते बाजारात सहज मिळतात, पण मॅन्युअलमध्ये नाव असलेल्याच कंपन्यांचे घ्या आणि दहाच्या दहा एकदम बदला. त्यात एक जुना सेल राहिला, तर तोच सगळ्यांना खाली ओढतो.

इतर एईडींच्या बॅटरीच्या बंद पॅकबद्दल मुंबईत एक मोह कायम असतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पॅक उघडून आत नवे सेल घालून देणारे कारागीर मिळतात, आणि लॅपटॉपच्या बॅटरीसाठी ते ठीकही असेल. एईडीसाठी हे करू नका. यातल्या बहुतेक पॅकमध्ये लिथियम-मँगनीज डायऑक्साइडचे सेल असतात, एकाचं व्होल्टेज 3. बाहेरून तसाच दिसणारा, वीज-पाण्याच्या मीटरमध्ये वापरला जाणारा लिथियम-थायोनिल क्लोराइडचा सेल 3.6 व्होल्टचा असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो, पण त्याचा नेहमीचा प्रकार अगदी थोडा प्रवाह देण्यासाठी बनवलेला असतो. तीन अँपिअर मागितले की तो बसतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने) 2015 साली एईडीच्या बॅटऱ्यांनाही यंत्राइतकीच कडक मंजुरी लागू केली, ती उगाच नाही. बॅटरी घेताना मॉडेल क्रमांक जुळवा, पक्कं बिल घ्या आणि त्यावर लॉट क्रमांक लिहून मागा.

बदलण्याचं काम पाच मिनिटांचं आहे. यंत्र बंद असताना जुना पॅक काढा. खाचेतले संपर्क पाहा: हिरवट किंवा पांढरा थर दिसला, तर नवा पॅक लगेच घालू नका, सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. धूळ असेल, तर कोरड्या सुती कापडाने पुसा. पाणी नको, घासकागद तर मुळीच नको. नवा पॅक ‘टक’ आवाज येईपर्यंत सरकवा. पॅड जोडलेले असू द्या, कारण बॅटरी घातल्याबरोबर यंत्र मोठी सेल्फ-टेस्ट सुरू करतं. ते सांगेल ते बटण दाबा आणि हिरवा दिवा लुकलुकू लागेपर्यंत तिथेच थांबा. एईडी प्लसमध्ये नवे सेल घातल्यावर बॅटरीच्या खाचेतलं रीसेट बटण दाबावं लागतं. जुन्या सेलवर ते कधीही दाबू नये, नाहीतर यंत्र त्यांना नवेच समजून हिशेब ठेवतं. शेवटी बसवल्याची तारीख आणि बदलायचा महिना चिकटपट्टीवर लिहून यंत्राच्या कपाटावर लावा.

‘तपासायला’ म्हणून बॅटरी दर महिन्याला काढ-घाल करणं टाळा. प्रत्येक वेळी मोठी टेस्ट होते आणि आयुष्य कमी होतं. याच्या उलट चूक आणखी घातक आहे. बॅटरी उतरली की यंत्र चिवचिवू लागतं, रात्री त्रास होतो म्हणून कुणीतरी पॅक काढून ड्रॉवरमध्ये ठेवतं. चिवचिव थांबते आणि यंत्रही मरतं. वॉचमनला हे आधीच, प्रेमाने समजावून सांगायला हवं, आणि आवाज आला तर फोन कुणाला करायचा तो नंबर कपाटावर हवा.

मुंबईची हवा बॅटरीला उष्णतेपेक्षा ओलाव्याने जास्त सतावते. घरातलं 30-32 अंश तापमान तिला चालतं. पत्र्याच्या छपराची वॉचमन केबिन किंवा उन्हात उभ्या गाडीची डिकी चालत नाही. सेलमधली रसायनं तिथे झपाट्याने म्हातारी होतात. वरळी-जुहूसारख्या समुद्रालगतच्या इमारतींत खारा वारा संपर्कांवर बसतो, तेव्हा कपाट आतल्या बाजूच्या लॉबीत लावा. जादा बॅटरी फ्रिजमध्ये ठेवू नका: जुलैच्या दमट हवेत बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरतं. मूळ सीलबंद खोक्यात, साध्या खोलीत ठेवा. यंत्रातली मुदत संपली की ती बसवा आणि जादा म्हणून नवी मागवा.

रुग्णालयातल्या मोठ्या डिफिब्रिलेटरची गोष्ट वेगळी, तिथे बॅटरी चार्ज होणारी असते. 1965 साली बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी रुग्णवाहिकेत नेलेला डिफिब्रिलेटर गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचा आणि त्याचं वजन सुमारे 70 किलो होतं; आज तेच काम हातात मावणारा लिथियम-आयनचा पॅक करतो. पण रुग्णालयातलं यंत्र कायम प्लगला लावलेलं असतं, आणि बॅटरी कमजोर झाल्याचं कळतं ते रुग्णाला लिफ्टने हलवताना. म्हणून रोजच्या तपासणीत प्लग काढूनच 200 ज्यूल चार्ज करा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या टेस्ट लोडमध्येच (शॉक झेलणाऱ्या चाचणीच्या रोधात) सोडा, कधीही हवेत नाही. चार्ज व्हायला लागलेले सेकंद वहीत लिहा. आकडा महिन्यागणिक वाढत चालला, तर यंत्राने इशारा देण्याची वाट पाहू नका, पॅक बदला.

एईडीतून काढलेला पॅक चार्ज करायचा प्रयत्न करू नका, एकदाच वापरायचे लिथियम सेल त्याने फुटू शकतात. त्याच्या टोकांवर इन्सुलेशन टेप लावा. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकला, तर कचऱ्याच्या गाडीत दाबला जाऊन पेट घेऊ शकतो. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा नवी मागवतानाच पुरवठादाराकडून जुनी परत घेण्याचं कबूल करून घ्या.