पालकातील लोह

पालकात इतर कोणत्याही भाजीपेक्षा कितीतरी अधिक लोह असते आणि तो खाल्ल्याने अंगात रक्त वाढते, हा युरोप-अमेरिकेत रुजलेला व महाराष्ट्रातही घरोघरी सांगितला जाणारा समज. प्रत्यक्षात १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असते. मेथी व राजगिऱ्याच्या पानांत ते याहून कमी नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीची रोजची लोहाची गरज २९ मिलिग्रॅम आहे.

या समजाचे खंडन करणारी कथा मूळ समजाइतकीच प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडून दशांशचिन्ह एक घर सरकले, त्यामुळे लोहाचा आकडा दहापट झाला आणि त्याच चुकीतून पालक खाऊन बळ मिळवणारा पॉपाय हा चित्रकथेतील खलाशी जन्मला, असे ती सांगते. टेरेन्स हॅम्ब्लिन या ब्रिटिश रक्तविकारतज्ज्ञाने १९८१ साली एका वैद्यकीय साप्ताहिकातील लेखात ती मांडली आणि पुढे ती संदर्भ न तपासता उद्धृत होत राहिली. माइक सटन या ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञाने २०१० मध्ये या कथेचे मूळ शोधले, तेव्हा हॅम्ब्लिन यांच्या लेखात या दाव्याला आधारच दिलेला नसल्याचे दिसून आले. शिवाय १९३२ च्या एका चित्रपट्टीत पॉपाय पालक खाण्याचे कारण म्हणून लोहाचे नव्हे, तर अ जीवनसत्त्वाचे नाव घेतो. जुन्या फुगलेल्या आकड्यांची अधिक साधी कारणे संभवतात. ताज्या पालकात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, त्यामुळे सुकवलेल्या पानांचा आकडा ताज्या पानांना लावला तरी तो सुमारे दहापट होतो. गैरसमज खोडणाऱ्यानेही पुरावा तपासावा लागतो, हे दाखवणारे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

लोह किती आहे याहून त्यातले किती शोषले जाते, हा प्रश्न पोषणशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वनस्पतींतील लोह मांस-मासळीतील हीमयुक्त (रक्तातील हिमोग्लोबिनसारख्या रेणूंत बांधलेल्या) लोहापेक्षा कमी शोषले जाते. याचे खापर पालकातील ऑक्झॅलिक आम्लावर फोडले जाते, परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीत केल या कोबीवर्गीय पालेभाजीत ऑक्झॅलेट (ऑक्झॅलिक आम्लाचा क्षार) मिसळूनही लोहाच्या शोषणात फरक पडला नाही. पॉलिफेनॉले (वनस्पतींतील तुरट संयुगे) व कॅल्शियम यांचा वाटा अधिक असावा, असे संशोधकांचे मत पडले. ऑक्झॅलेटचा खरा अडथळा कॅल्शियमला होतो, म्हणून कॅल्शियमसाठी पालकावर विसंबणे चुकीचे ठरते. जेवताना भाजीवर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते, तर जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने ते घटते. लोखंडी कढईत शिजवलेल्या, विशेषतः आंबट पदार्थांत थोडे लोह उतरते. लोखंडी कढई वापरण्याचा घरातील जुना सल्ला येथे प्रयोगाच्या कसोटीला उतरतो.

यावरून पालक निरुपयोगी ठरत नाही. फोलेट (एक ब जीवनसत्त्व) व बीटा-कॅरोटिन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनते) यांचा तो चांगला स्रोत आहे. मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के, तर महाराष्ट्रातील सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. लोहाच्या कमतरतेने झालेला रक्तक्षय केवळ पालकाच्या भाजीने भरून निघत नाही; त्यावर वैद्यकीय सल्ल्याने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात.