दुखणं अंगात असताना वजन उतरवायचं ते असं

(आमच्या सर्जिकल दुकानाच्या सांगलीतल्या ग्राहकांसाठी)

कमरेचा पट्टा किंवा नी-कॅप घ्यायला आलेले बरेच जण एका दमात दोन गोष्टी सांगतात. डॉक्टर म्हणालेत वजन कमी करा, आणि चालायला गेलं की गुडघा धरतो. मग करायचं काय, याचं उत्तर गल्ल्यावर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे पत्रक. आमच्याकडे बसणाऱ्या फिजिओथेरपिस्टनी ते तपासून दिलं आहे.

पट्टा विकणारेच सांगतोय म्हणून विश्वास ठेवा: पट्ट्यानं वजन उतरत नाही आणि दुखणंही जात नाही. पट्टा कामाला निघताना, बसच्या प्रवासात, धुणं वाळत घालताना बांधायचा आणि घरी आल्यावर काढायचा. तो बांधून दिवसभर कॉटवर पडून राहणार असाल, तर पैसे वाचवा.

दुखतंय म्हणजे झिजतंय असं नाही

दुखणं तीन महिन्यांच्या वर टिकलं की त्याचा स्वभाव बदलतो. दारातलं कुत्रं आधी चोर आला म्हणून भुंकतं. सवय लागली की पान सळसळलं तरी भुंकतं. जुन्या दुखण्यात मज्जातंतूंचं बरंचसं असंच होतं. म्हणून चालताना थोडं दुखलं तर आत काही तुटलं असं समजून घरी बसू नका. बसून राहिलं की मांडीचे स्नायू सुटतात, गुडघ्यावर भार वाढतो, वजन वाढतं, झोप बिघडते आणि दुखणं आणखी चढतं.

पण कधीकधी खरोखर चोरही असतो. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाऊल लुळं पडू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांधा लाल-गरम होऊन सुजला, दुखण्यासोबत ताप आला किंवा काही न करताच वजन घटू लागलं, तरी डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. चालताना छातीत दुखलं तर तिथंच थांबा आणि लगेच मदत मागा.

चांगल्या दिवसाची भीती

आमच्या अनुभवात माणूस वाईट दिवसामुळे अडत नाही, चांगल्या दिवसामुळे अडतो. सकाळी उठल्यावर कंबर हलकी वाटते, मग एकाच दिवशी माळ्यावरचे सगळे डबे खाली येतात, फरशी पुसून होते, वर बाजारही होतो. पुढचे चार दिवस अंथरुणात. 2019 च्या पुरानंतर घरातला गाळ उपसून कंबर धरलेले कितीतरी जण आमच्याकडे आले होते. तेव्हा इलाज नव्हता. रोजच्या जगण्यात मात्र असतो, आणि तो म्हणजे माप आधी ठरवणं.

तीन साध्या दिवशी घड्याळ लावून चाला. दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं होतात ते लिहा. समजा सरासरी दहा आली, तर तुमचं माप आठ. बरं वाटतंय तेव्हाही आठच. वाईट दिवशी आठ जमली नाहीत तर चार-चार करून दोनदा, पण शून्य नाही. आठवडा नीट गेला की एक मिनिट वाढवा. माप बरोबर आहे का हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं: वाढलेलं दुखणं रोजच्या पातळीवर आलं असेल तर ठीक, नसेल तर मिनिटं कमी करा.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांची मध्यम हालचाल सांगते. तो आकडा लांबचा मुक्काम समजा, पहिल्या महिन्यात त्याच्या मागे लागू नका. साताऱ्याच्या लोकांना अजिंक्यताऱ्याचा चढ समोर उभा असतो. आपली सांगली सपाट आहे, तेवढा फायदा घ्या. आमराईत बसत-उठत चाला. गुडघेदुखी असेल तर कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या सध्या नकोत. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो. पोहण्याच्या तलावाची सोय असेल तर उत्तमच, कारण छातीभर पाण्यात शरीराचा निम्म्याहून जास्त भार पाणीच उचलतं. तिथं नुसतं चाललं तरी चालतं.

काठी दुखऱ्या बाजूच्या उलट्या हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दहातले आठ जण चुकीच्या हातात धरतात, असा आमचा गल्ल्यावरचा अंदाज आहे.

वजन मात्र स्वयंपाकघरात उतरतं

पाऊण क्विंटल वजनाचा माणूस अर्धा तास सावकाश चालला तर साधारण सव्वाशे कॅलरी जळतात. आता तेलाचा डबा बघा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज चाळीस मिलिच्या वर जातं, म्हणजे सुमारे साडेतीनशे कॅलरी. तेच तीन लिटरवर आणलं तर रोज माणशी 140 च्या आसपास वाचतात. अर्ध्या तासाच्या चालण्याहून जास्त, आणि तेही पाऊल न उचलता. मग चालायचं कशाला? स्नायूंसाठी, झोपेसाठी, मन रमण्यासाठी.

चहाचंही तसंच. दिवसाला पाच कप आणि कपात दोन चमचे साखर, म्हणजे जवळपास 200 कॅलरी. भडंग सोडा असं सांगलीत कुणाला सांगायची आमची हिंमत नाही. डब्यातून मूठ-मूठ खाण्यापेक्षा वाटीत काढून घ्या आणि डबा बंद करा. उपवासानं वजन उतरेल म्हणाल, तर एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपणच म्हणतो. भाकरी बंद करू नका, एक कमी करा आणि ती जागा मटकी, हरभरा, अंडी, ताक यांना द्या. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही उतरतात, आणि गुडघा सावरणारे तेच असतात.

हळदीचं विचारणारे रोज असतात. आपल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आम्हालाही आहे. पण हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे दुखण्यावर गुणकारी मानलं जाणारं द्रव्य, वजनाच्या सुमारे तीन टक्केच असतं आणि शरीर ते फार कमी शोषतं. आवडत असेल तर हळदीचं दूध प्या, त्यात दोन चमचे साखर टाकून औषध समजू नका.

80 किलोच्या माणसानं चार महिन्यांत चार किलो उतरवले तरी पुष्कळ. एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, म्हणजे इथं सोळा. काटा आठवड्यातून एकदाच, सकाळी.

औषधांबद्दल थोडं

दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, स्टेरॉइड यांनी काहींचं वजन वाढतं. तसं वाटलं तर डॉक्टरांशी बोला, गोळी आपल्या मनानं सोडू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी विचारा, साखर एकदम उतरू शकते. मेडिकलमधून आपल्या मनानं वेदनाशामक घेऊन महिनोन्‌महिने खाणाऱ्यांनी पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाबाचा विचार करावा.

दुकानात येताना रोजच्या वापरातल्याच चपला घालून या. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी लागते, आणि ते माप आम्ही त्या चपलांवरच घेतो.