‘सरळ’ अक्षर वाकडं का छापलं?

रबाळे एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कारखानदाराने चीनहून पॅकिंग मशीन मागवलं. पॅनेलवरची सगळी बटणं चिनीत. कामगारांसाठी छोटी पुस्तिका करायची ठरली. मजकूर मराठीत आणि इंग्रजीत, आणि प्रत्येक बटणाचा चिनी शब्द जसाच्या तसा, म्हणजे वाचता आला नाही तरी नजरेने जुळवता येईल. काम माझ्याकडे आलं आणि मी ते घेऊन नौपाड्यात आमच्या नेहमीच्या डीटीपीवाल्या काकांकडे गेलो.

पहिल्या प्रूफात चिनीच्या जागी नुसते रिकामे चौकोन. काका म्हणाले, “फॉन्टच नाहीये यात.” बरोबर होतं. फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसेल तर त्याच्या जागी एक ठरावीक आकृती उमटते, ती बहुतेक वेळा चौकोनी. छपाईच्या जगात तिला ‘टोफू’ म्हणतात, सोयाबीनच्या पनीरच्या वडीसारखी दिसते म्हणून. गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टचं नावही ‘नो टोफू’वरून आलं आहे.

दुसऱ्या प्रूफात चिनी अक्षरं दिसली, आम्ही खूश झालो. मशीन बसवायला आलेल्या चिनी तंत्रज्ञाने मात्र ‘व्यास’ या शब्दावर बोट ठेवलं आणि एकच शब्द उच्चारला, “जपान?”

चिनीत व्यासासाठी दोन अक्षरांचा शब्द आहे आणि त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ ‘सरळ’. पॅनेलवर त्याची खालची रेघ पाटासारखी आडवी होती. आमच्या प्रूफात तीच रेघ डाव्या बाजूने काटकोनात वर वळलेली. जपानमध्ये ते अक्षर तसंच लिहितात. मजकूर मी पॅनेलच्या फाइलमधूनच कॉपी केला होता, मग अक्षर बदललं कसं?

संगणक अक्षराचं चित्र साठवत नाही, क्रमांक साठवतो. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’ या तक्त्यात या ‘सरळ’चा क्रमांक ३०,४५२. युनिकोड तयार होत असताना चिनी, जपानी आणि कोरियन लेखनात असलेल्या समान अक्षरांना प्रत्येक देशासाठी वेगळा क्रमांक न देता एकच द्यायचा, असा निर्णय झाला. अशा एकत्रित अक्षरांचा पहिला मोठा संच २०,९०२ अक्षरांचा होता. आज युनिकोडमध्ये अशी अक्षरं नव्वद हजारांहून जास्त आहेत. चिनी आणि जपानी लेखकाचं ‘सरळ’ संगणकाला एकच. वळण कुठलं दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो. आमच्या सॉफ्टवेअरला भाषा कुणी सांगितलीच नव्हती. त्याने ३०,४५२ क्रमांक असलेला पहिला फॉन्ट उचलला, आणि तो निघाला जपानी.

हे ऐकून ‘चिन्यांचं त्रांगडं’ म्हणून हसायची सोय आपल्याला नाही. पुस्तिकेच्या मागच्या पानावर गोदामाचा पत्ता होता, ठाण्यातल्या कोलशेत रोडचा. ‘कोलशेत’मधले ल आणि श दोन्ही हिंदी वळणाचे आले होते. आपला पाकळ्यांचा ल आणि हिंदीचा ल, दोघांचा क्रमांक २,३५४. देवनागरीच्या वाट्याला युनिकोडच्या मूळ तक्त्यात १२८ घरं आहेत आणि त्यांत मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत सगळे एका खोलीत नांदतात. काही चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल-श आत दडलेले असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तरच ते बाहेर येतात. वर्षानुवर्षं डीटीपी करणाऱ्या काकांनाही हे ठाऊक नव्हतं. ते इतकी वर्षं फॉन्ट बदलत राहिले, भाषा कधी बदलली नाही.

म्हणून माझ्या मते बहुभाषिक मजकुरात पहिलं काम फॉन्ट निवडण्याचं नाहीच. आधी प्रत्येक तुकड्यावर भाषेचं लेबल लावायचं, मग त्या लेबलाला फॉन्ट जोडायचा. वर्डमध्ये एकाच शैलीत इंग्रजी, पूर्व आशियाई आणि देवनागरीसारख्या ‘कॉम्प्लेक्स’ लिपी यांच्या फॉन्टसाठी वेगवेगळे कप्पे असतात. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये चिनीसाठी एक कॅरेक्टर स्टाइल (अक्षरांची ठरवून ठेवलेली शैली) करून घ्यावी. आणि मराठीसाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर, म्हणजे त्यातली ओळी जुळवायची सोय, निवडायला विसरलात तर वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. लाटेक (आज्ञा लिहून पानं जुळवायची, ‘टेक’वर उभी असलेली प्रणाली) वापरणाऱ्यांची सोय आता चांगली आहे. मूळ टेकमध्ये एका फॉन्टात २५६ अक्षरं मावत. त्या हिशोबाने तो २०,९०२ चा संच बसवायला ८२ तुकडे लागले असते. जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलेल्या झीटेक या टेकच्या नव्या रूपामुळे युनिकोड फॉन्ट थेट वापरता येऊ लागले, आणि त्यावरच्या एक्सईसीजेके पॅकेजमध्ये चिनीचा फॉन्ट एकदा सांगितला की इंग्रजीमधली चिनी अक्षरं ते आपणहून ओळखतं.

चिनी फॉन्टच्या नावाची शेपटी वाचायची सवय लावावी. एससी म्हणजे मुख्य भूमीची सरलीकृत चिनी, टीसी म्हणजे तैवानची पारंपरिक, जेपी जपानी, केआर कोरियन. अडोबी आणि गूगल यांनी मिळून २०१४ मध्ये आणलेल्या, या सगळ्या भाषांच्या एकत्रित फॉन्टमध्ये ६५,५३५ आकृत्या आहेत. आकडा विचित्र वाटतो, पण ओपनटाइप या आजच्या प्रचलित प्रकारच्या एका फॉन्टमध्ये त्याहून जास्त मावतच नाहीत.

एका गोष्टीने मात्र आमची अख्खी दुपार खाल्ली: अवतरणचिन्हं. वळणदार दुहेरी अवतरणाचे क्रमांकही इंग्रजी आणि चिनीत सारखेच. चिनीत प्रत्येक चिन्हाला अक्षराएवढी पूर्ण चौकट लागते. त्यामुळे इंग्रजी वाक्यातलं अवतरण चिनी फॉन्टात शिरलं की शब्दाशेजारी दात पडल्यासारखी फट दिसते. चिनी फॉन्टात इंग्रजी अक्षरंही असतात, पण ती बहुधा चिनीशेजारी बसवायला म्हणून काढलेली. सलग इंग्रजी मजकूर त्यांत लावू नये.

मग उरली उंची. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं राहतं, आपलं शिरोरेषेला टांगलेलं असतं आणि चिनी आपल्या चौकटीच्या मधोमध बसतं. तिघांनाही १२ पॉइंट दिले तर ओळ हेलकावे खाते. आम्ही मराठी १३ वर नेलं, चिनी ११ वर आणलं आणि ओळींमधलं अंतर वाढवलं, कारण मात्रा-रफार वर जातात आणि उकार खाली. हे आकडे आमच्या फॉन्टपुरते. दुसऱ्या जोडीला पुन्हा डोळ्यांनीच जुळवावं लागेल. चिनीला तिरकं मात्र करू नका. त्या लिपीत इटॅलिक नाही आणि मशीनने कलवलेली अक्षरं पडायला आल्यासारखी दिसतात.

तिसरं प्रूफ त्या तंत्रज्ञाने पॅनेलला लावून पाहिलं आणि अंगठा वर केला. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवला आहे ना, एवढं मी तपासलं. त्यातही फक्त वापरलेल्या अक्षरांचाच संच जातो, त्यामुळे कित्येक एमबींचा चिनी फॉन्ट असूनही फाइल व्हॉट्सॲपवर सहज गेली.

मी निघालो तेव्हा काका स्वतःच्या दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड उघडून बसले होते. भाषेच्या खान्यात ‘हिंदी’ होतं.