कृष्णवर्णीय स्त्रिया आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायदा

वंश आणि लिंग या दोन्हींमुळे एकाच वेळी डावलल्या गेलेल्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी देशाबाहेरच्या न्यायमंचांकडे मागितलेली दाद, आणि त्यातून हळूहळू घडलेला कायदा. हा कायदा त्यांना आयता मिळालेला नाही. १९६५ च्या वंशभेद निर्मूलन करारातील भेदभावाच्या व्याख्येत वंश, वर्ण आणि कूळ आहे, लिंग नाही. ‘सीडॉ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७९ च्या स्त्रीविषयक करारातील व्याख्येत लिंग आहे, वंश नाही. दवाखान्यातून परत पाठवलेल्या काळ्या बाईने आपल्याला बाई म्हणून हाकलले की काळी म्हणून, हे कसे सांगायचे? आणि तिनेच का सांगायचे?

हे करार होण्याच्या कितीतरी आधी या स्त्रिया संयुक्त राष्ट्रांच्या दारात पोचल्या होत्या. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रोझा ली इनग्राम ही बारा मुलांची विधवा आई वाट्याने शेती करी. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्याच्या मृत्यूप्रकरणी १९४८ मध्ये तिला आणि तिच्या दोन किशोरवयीन मुलांना फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेवर आली. १९४९ मध्ये ऐंशी उलटलेल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या मेरी चर्च टेरेल यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी तिच्यासाठी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज नेला. तो कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी लिहिला होता. पण अशा तक्रारींवर कारवाई करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे मानवी हक्क आयोगाने १९४७ मध्येच ठरवून टाकले होते. इनग्राम सुटली ती १९५९ मध्ये. अर्जाच्या या वाटेकडे आपल्याकडूनही कोणी पाहत होते: अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे त्याआधी केलेल्या दुसऱ्या एका अर्जाची प्रत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहून मागवली होती.

दोन्ही अन्याय एकत्र पाहण्याची भाषा उशिरा आली. कृष्णवर्णीय कायदेतज्ज्ञ किम्बर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये मांडलेली आंतरछेदाची, म्हणजे वंश आणि लिंग यांवरून होणारे अन्याय एकमेकांत गुंतलेले असतात ही संकल्पना २००१ च्या वंशभेदविरोधी डर्बन परिषदेच्या तयारीतून संयुक्त राष्ट्रांच्या चर्चेत रुजली. वंशभेद स्त्री-पुरुषांना नेहमी सारखाच भोगावा लागत नाही, हे वंशभेद निर्मूलन करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००० मध्ये लेखी मान्य केले.

या भाषेचा कस लागला तो ब्राझीलमध्ये. आलिने दा सिल्वा पिमेंतेल ही २८ वर्षांची, सहा महिन्यांची गरोदर, पाच वर्षांच्या मुलीची आई. रिओ द जानेरोजवळच्या बेलफोर्ड रोशो शहरात राहणारी. ११ नोव्हेंबर २००२ ला मळमळ आणि पोटदुखी घेऊन ती खाजगी दवाखान्यात गेली. तिला घरी पाठवले. दोन दिवसांनी परत आली तेव्हा पोटातले बाळ गेलेले होते. वार काढायची शस्त्रक्रिया व्हायला आणखी चौदा तास गेले. तब्येत ढासळल्यावर मोठ्या रुग्णालयात हलवायचे ठरले, पण त्या रुग्णालयाने आपली एकुलती रुग्णवाहिका द्यायचे नाकारले. ती आठ तास वाट पाहत राहिली, त्यातले शेवटचे दोन तास बेशुद्धावस्थेत. सोबत केसपेपरसुद्धा पाठवले नाहीत. १६ नोव्हेंबरला ती गेली.

तिथल्या न्यायालयात २००३ मध्ये केलेल्या दाव्याचा निकाल वर्षे लोटली तरी लागेना, तेव्हा आलिनेची आई सीडॉ कराराचे पालन पाहणाऱ्या समितीकडे गेली. दवाखाना खाजगी होता, ही सबब समितीने २०११ मध्ये फेटाळली: खाजगी सेवेवर देखरेख ठेवणे हेही सरकारचेच काम. आलिनेवरचा भेदभाव ती स्त्री होती, आफ्रिकी वंशाची होती आणि गरीब होती, या तिन्ही कारणांनी झाला, असे समितीने स्पष्ट नोंदवले. बाळंतपणाशी संबंधित मृत्यूबद्दल आंतरराष्ट्रीय मानवी हक्क यंत्रणेने एखाद्या सरकारला जबाबदार धरण्याची ही पहिली वेळ. आईला भरपाई मिळाली ती २०१४ मध्ये.

आफ्रिकेत २००३ च्या मापुटो करारनाम्याने स्त्रियांच्या हक्कांना खंडाची स्वतःची चौकट दिली. नायजरमध्ये बाराव्या वर्षी विकल्या गेलेल्या हदिजातू मानी हिने २००८ मध्ये पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या न्यायालयात आपल्या सरकारविरुद्ध गुलामगिरीचा खटला जिंकला. मालकाला सोडून दुसरे लग्न केले म्हणून देशातल्या न्यायालयाने तिलाच तुरुंगात धाडले होते.

ब्राझीलमधलाच आणखी एक निकाल २०२४ चा. साओ पाउलोत १९९८ मध्ये नेउझा दोस सांतोस आणि जिझेले फेरेरा या दोन कृष्णवर्णीय स्त्रिया नोकरी मागायला गेल्या. जागा भरल्याचे त्यांना सांगण्यात आले. त्याच दिवशी त्यांची गोरी मैत्रीण गेली, आणि तिला घेतले. त्या दोघींना आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाकडून न्याय मिळायला २६ वर्षे लागली.