शस्त्रक्रियाकाळातील दीर्घप्रभावी ओपिऑइड औषधे

जुनाट वेदना किंवा अफूवर्गीय (ओपिऑइड) औषधांच्या व्यसनासाठी मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन, फेंटानिलची त्वचेवरील पट्टी किंवा मॉर्फिनच्या दीर्घप्रभावी गोळ्या नियमित घेणाऱ्या रुग्णावर शस्त्रक्रिया करताना या औषधांची करावयाची योजना. नेहमीची मात्रा शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळीही द्यावी, हा सर्वसाधारण नियम. औषध एकाएकी तोडल्यास घाम, जुलाब, नाडीची गती वाढणे, तळमळ ही लक्षणे उद्‌भवतात. नेहमीच्या मात्रेने जखमेची वेदना मात्र शमत नाही. तिच्यासाठी पॅरासिटॅमॉल, केटामीन, स्थानिक भूल यांची जोड लागते.

खरा वाद ब्युप्रेनॉर्फिनचा. १९६०–७० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झालेले हे औषध म्यू ग्राहींना (ज्या प्रथिनांना चिकटून ओपिऑइड औषधे परिणाम करतात त्यांना) घट्ट चिकटते, सावकाश सुटते आणि त्यांना अंशतःच उद्दीपित करते. त्यामुळे नंतर दिलेले मॉर्फिन निष्प्रभ ठरेल, या तर्काने ते सुमारे ७२ तास आधी थांबवण्याचा सल्ला पूर्वी दिला जाई. तर्क औषधशास्त्राला धरून असला, तरी रोज १६ मिग्रॅ. घेणाऱ्यांतही काही ग्राही मोकळे राहतात आणि त्यांवर मॉर्फिनसारख्या पूर्ण उद्दीपकांचा परिणाम होतो. शिवाय औषध सुटलेला रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळू शकतो आणि शरीरात मॉर्फिन असताना ब्युप्रेनॉर्फिन घाईने पुन्हा दिल्यास तीव्र वर्जनलक्षणे (औषध एकाएकी तुटल्यावर होणारा वरीलप्रमाणे त्रास) उमटतात. अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांचा कल म्हणूनच ते चालू ठेवण्याकडे असून तो अधिक ग्राह्य वाटतो. दिवसाची मात्रा ६ ते ८ तासांनी विभागून दिल्यास वेदनाशमन सुधारते. मोठ्या मात्रा आधी कमी कराव्यात की नाही, याबाबत एकमत नाही.

मेथाडोन शरीरात बहुधा दिवसभराहून अधिक रेंगाळते, पण त्याचे वेदनाशमन ४ ते ८ तासच टिकते. ते हृदयालेखातील (ईसीजी) क्यूटी अंतर वाढवते; हे अंतर फार वाढल्यास हृदयाची लय बिघडू शकते. ओकारी थांबवणारे ऑन्डान्सेट्रॉनही तेच करते, म्हणून दोन्ही एकत्र देताना आलेख पाहावा. फेंटानिलच्या पट्टीवर शस्त्रक्रियागृहातील उबदार पांघरूण आल्यास औषध वेगाने शोषले जाऊन श्वसन मंदावू शकते. पट्टी काढली, तरी त्वचेत साठलेले औषध रक्तात उतरत राहते. रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे १७ तास लागतात.

नाल्ट्रेक्सोन हे ओपिऑइडचा परिणाम रोखणारे विरोधक असल्याने त्याचा नियम उलटा : गोळ्या सुमारे ७२ तास आधी बंद करतात, तर मासिक इंजेक्शननंतर पूर्वनियोजित शस्त्रक्रिया साधारण ४ आठवड्यांनी ठेवतात. त्याचा प्रभाव ओसरल्यावर ओपिऑइडची संवेदनशीलता वाढलेली असू शकते, त्यामुळे मात्रा लहान ठेवून श्वसनावर लक्ष ठेवावे लागते.